दीड फेरा

धक्क्यावर तिला सगळे शिंपली म्हणत. होड्यांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडून काढायचं काम ती करायची, म्हणून हे नाव पडलं असं बाहेरच्यांना वाटे. खरं कारण वेगळं होतं. घाबरली की तिचं तोंड शिंपल्यासारखं घट्ट मिटायचं, आणि मग कोणी कितीही ठोठावा, आतून शब्द फुटायचा नाही. हे फक्त घरच्यांना ठाऊक. बाकी सगळा धक्का तिला धीट समजायचा. शेहेचाळीस वर्षांची बाई पाठीवर हवेची टाकी बांधून गढूळ पाण्यात होडीखाली शिरते, अर्ध्या-पाऊण तासानं वर येते, केस पिळते आणि चहा मागते. ती भित्री असेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. कोणी कौतुकानं पाणबुडी म्हटलं तर ती म्हणायची, "पाणबुडीला तोफा असतात. माझ्याकडे खरवडणी आहे."

पण उतरण्याआधी दर वेळी तिला उचकी लागायची. लोक म्हणत, गार वाऱ्यानं. नवरा नुसता पाण्याची बाटली पुढे करायचा. तो शिडं शिवायचा. गोदामाच्या माडीवर त्याची लांबलचक खोली होती, जमिनीत खड्डा करून बसवलेलं शिलाईयंत्र होतं, आणि त्याच्या बोटांना कायम मेणाचा वास यायचा. लहानपणी कानाचा पडदा फाटलेला असल्यामुळे तो पाण्याखाली जाऊ शकत नव्हता. बायको उतरली की तो यंत्र बंद करून खाली यायचा आणि तिच्या कमरेला बांधलेला दोर धरून उभा राहायचा.

उतरायचं काम मुळात सासऱ्यांचं. तीस वर्षं धक्क्यावरच्या सगळ्या होड्यांची पोटं त्यांनी पाहिली होती. त्या काळात दोर धरायला सून असायची. अकरा वर्षांपूर्वी एका इंजिनाच्या होडीच्या पंख्यात जाळं अडकलं होतं, ते कापायला सासरे खाली गेले. जाताना एवढंच म्हणाले, "दोर हातात, डोळा किल्लीवर." किल्ली मालकाच्या खिशात होती. मालक उतावळा गडी. बॅटरी उतरतेय म्हणून त्याला मिनिटभर इंजिन चालवायचं होतं, आणि खाली माणूस आहे हे तो साफ विसरला. इंजिन दोन-तीन सेकंदच चाललं. सासऱ्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीत सगळ्यांनी मालकाला दोषी धरलं आणि ते योग्यच होतं. पण शिंपलीला एक गोष्ट माहीत होती, जी तिनं कोणालाच सांगितली नव्हती. मालकानं खिशातून किल्ली काढली त्या क्षणी तिचा डोळा किल्लीवर नव्हता. कठड्यावरचा टॉवेल वाऱ्यानं उडाला होता, आणि तो पकडायला ती वळली होती.

सासऱ्यांच्या हातात पकड राहिली नाही. काम बंद पडायची वेळ आली तेव्हा सून म्हणाली, मी उतरते. सगळ्यांना तो धीटपणा वाटला. तिला मात्र खाली जाण्यापेक्षा वर दोर धरून उभं राहण्याची भीती जास्त होती. त्या दिवसापासून तिचा एक नियम ठरला: इंजिनाची किल्ली मालकाकडून मागून घ्यायची, दोरीत ओवून स्वतःच्या गळ्यात घालायची आणि मगच पाण्यात पाय टाकायचा. काही मालक हसायचे. ती हसायची नाही.

त्या वर्षी एक निवृत्त शाळामास्तर आणि त्यांची बायको शिडाची होडी घेऊन धक्क्याला लागले. होडी जुनी पण नीटनेटकी. मास्तरांनी नुकताच नव्या तऱ्हेचा पंखा बसवून घेतला होता. इंजिन चालू असलं की त्याची तीन पाती पाणी कापायची, आणि शिडावर चालताना मिटून पाण्याच्या धारेत सरळ उभी राहायची, म्हणजे होडीला ओढ लागत नाही. कल्पना झकास होती. पण पात्यांचा कल चुकला होता. पाती फार तिरकी बसल्यामुळे पंखा एका फेऱ्यात जास्त पाणी ढकलू पाहायचा आणि इंजिनाला ते झेपायचं नाही. काळा धूर निघायचा, फेरे वाढता वाढायचे नाहीत. धक्क्याला येताना बंदराच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी समोरून आलं तेव्हा होडी जागच्या जागी उभी राहिली आणि मग हळूहळू मागे, दगडी बांधाकडे सरकू लागली. एका मच्छीमारानं दोर टाकून ओढली म्हणून वाचली. मास्तरीणबाई हे सांगताना हसत होत्या, पण त्यांचे हात एकमेकांना सोडत नव्हते.

होडी पाण्याबाहेर काढून पाती फिरवायची तर होड्या उचलणारी यारी मोडलेली. तिचा सुटा भाग यायला दोन महिने. आणि मास्तरांना दोन महिने थांबायचं नव्हतं. बायकोची नजर कमी होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिवाळ्यापर्यंत बरंचसं जाईल. पलीकडच्या बेटांवर पांढरे कडे आहेत, त्यांवर लाखभर पक्षी उतरतात, ते त्यांना एकदा पाहायचे होते. मास्तरांनी हे एका वाक्यात सांगितलं आणि विषय बदलला.

धक्क्यावरच्या दुरुस्तीच्या कारखान्यातल्या मिस्त्रीनं पंख्याची कागदपत्रं वाचली आणि सांगितलं की हे काम पाण्यातसुद्धा होतं. प्रत्येक पात्याच्या मुळाशी एक स्क्रू आहे, त्याच्या डोक्यात सहा कोनी खाच. खाचेत चावी घालून तिन्ही स्क्रू दीड-दीड फेरा आत फिरवायचे, की पात्यांचा कल कमी होतो. फक्त तिन्ही सारखे हवेत. एक जरी कमी-जास्त झाला तर पंखा थरथरणार, दांडा थरथरणार, आणि दांडा जिथून होडीच्या बाहेर येतो तिथलं रबर सैल होऊन आत पाणी यायला लागणार. तेही इथे धक्क्यावर कळलं तर ठीक. भर समुद्रात कळलं तर, असं म्हणून मिस्त्रीनं वाक्य अर्धंच सोडलं. त्यानं स्वतः हे काम कधी पाण्याखाली केलेलं नव्हतं. करणारही नव्हता; त्याला पोहता येत नव्हतं आणि ते तो अभिमानानं सांगायचा.

शिंपलीनं दोन दिवस सराव केला. मिस्त्रीनं बाकावरच्या पकडीत तसाच एक स्क्रू उलटा बसवून दिला, आणि ती हातमोजे घालून, डोळे मिटून, पाठीवर उताणी झोपून तो फिरवत राहिली. पाव फेरा, अर्धा, पाऊण, एक. चावी मनगटाला दोरीनं बांधलेली. कारखान्यातले लोक गंमत पाहत होते. रात्री अंथरुणावर तिची बोटं पांघरुणाच्या टोकावर फिरत होती ते नवऱ्यानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कामाच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला पाणी थांबणार होतं. ओहोटी संपून भरती सुरू होण्याआधी तासभर पाणी जवळजवळ स्थिर राहतं, तेवढ्यात उरकायचं. सासरे नेहमीसारखे धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यावर येऊन बसले. शिंपलीनं मास्तरांकडून किल्ली घेतली आणि विचारलं, दुसरी आहे का? मास्तर म्हणाले, छे, एकच. मास्तरीणबाई चहाचे कप विसळत होत्या, त्या हसून म्हणाल्या की ह्यांची एकच वस्तू असलेली मी प्रथमच ऐकते आहे. चष्मे दोन, छत्र्या दोन, पेनंसुद्धा जोडीनं बाळगतात. सगळे हसले. शिंपलीला उचकी लागली होती, म्हणून ती हसली नाही.

नवऱ्याशी खुणा ठरल्या. दोराला एक लांब ओढ म्हणजे सगळं ठीक आहे. लागोपाठ दोन झटके म्हणजे वर ये. मग ती पाण्यात उतरली.

खाली हिरवट अंधार होता. हात लांब केला तर बोटं दिसायची, त्यापलीकडे काही नाही. ती होडीच्या पोटावरून चाचपत मागे गेली. सुकाणू लागलं, त्याच्या पुढे दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. डोक्यावर आठ टन वजनाची होडी संथ श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत होती. तिनं पात्यांवर रबरी कडी चढवली: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, म्हणजे गोंधळ नको. इंजिनाचा गिअर सुटा ठेवलेला होता, त्यामुळे पंखा हातानं फिरत होता. तिनं पहिल्या पात्याचं मूळ खाली आणलं आणि चावी खाचेत बसवली. स्क्रू हलेना. जोर लावावा तर तिचंच अंग उलट्या बाजूला फिरायचं. शेवटी एक पाय सुकाण्याला अडकवून तिनं झटका दिला आणि स्क्रू सरकला. पाव. अर्धा. पाऊण. एक. सव्वा. दीड. दुसऱ्या पात्यालाही तेवढाच वेळ लागला. हात दुखायला लागले होते, पण मनात ती म्हणाली, आता एकच.

तिसरा स्क्रू फिरत होता, तेवढ्यात इंजिन चालू झालं.

पाण्याखाली आवाजाला दिशा नसते. तो उजवीकडून येत नाही, डावीकडून येत नाही, तो कवटीच्या आतून येतो. आधी घरघर, मग खडखड, मग सलग धडधड. शिंपलीच्या काळजाचं पाणी झालं. किल्ली माझ्या गळ्यात आहे, तिनं स्वतःला सांगितलं, आणि त्याच क्षणी तिला आठवलं: चष्मे दोन, छत्र्या दोन. तळव्याखालचं पातं हललं. फार नाही, बोटभर. पण हललं. आणि मग कमरेचा दोर ओढला गेला, सावकाश, लांब, न थांबता, दांडा दोर गुंडाळून घेत असावा तसा.

तिनं पोटरीवरची सुरी काढली आणि दोर कापला.

पुढचं तिला सलग आठवत नाही. तिनं पंख्याला लाथ मारून स्वतःला दूर ढकललं, ते खाली, चिखलात. चिखल उधळला आणि होतं तेवढं दिसणंही गेलं. वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. तोंडातली नळी दातांनी इतकी घट्ट धरली की रबरावर दात उमटले. हवा यायची, पण छातीत मावायची नाही. हाताला दगड लागला, धक्क्याची भिंत. तिला धरून ती वर सरकत गेली, आणि पाण्याबाहेर डोकं आलं ते होडी आणि भिंत यांच्यामधल्या हातभर फटीत, होडी घासू नये म्हणून टांगलेल्या दोन रबरी फुग्यांच्या मधे. लाटेनं होडी एकदा भिंतीकडे आली. फुगे करकरले, दबले, आणि तिच्या खांद्याला टेकून परत गेले.

होडीवर, दुसऱ्या बाजूच्या काठाशी, तिचा नवरा कापलेला दोर हातात घेऊन उभा होता. शेजारच्या मच्छीमारानं आपलं इंजिन चालू केलं तेव्हा ती घाबरेल हे त्याला समजलं होतं. म्हणूनच त्यानं दोर ओढला होता, एक लांब ओढ, सगळं ठीक आहे सांगणारी. दोर हलका झाला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं एक बूट काढला होता, दुसऱ्याची नाडी निघत नव्हती. फाटक्या कानानिशी तो उडी मारणारच होता, तेवढ्यात सासऱ्यांनी भिंतीकडून हाक मारली. म्हातारा धक्क्याच्या कडेवर पालथा पडून, दोन बोटांच्या हातानं सुनेच्या टाकीचा पट्टा धरून होता.

तिला वर घेतलं. पाणी पाजलं. मिस्त्री, मास्तर, मास्तरीणबाई सगळे भोवती उभे राहिले. दहा मिनिटं तिच्या तोंडातून शब्द निघाला नाही. मच्छीमार येऊन हात जोडून गेला. खाली कोणी आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सगळं कळल्यावर मास्तर म्हणाले की राहू दे आता, जेवढं झालं तेवढं पुष्कळ झालं. झालंच आहे ना जवळजवळ?

सगळे तिच्याकडे पाहू लागले. खाली काय झालं ते पाहणारं तिच्याखेरीज कोणी नव्हतं. हो म्हटलं असतं तर काम संपलं असतं, टाकी उतरवता आली असती, घरी जाऊन अंगावर गरम पाणी घेता आलं असतं. आणि कदाचित ते खरंही असतं. तिसरा स्क्रू कदाचित दीड फेरा झाला असेल. कदाचित अर्धाच. तिनं आठवायचा प्रयत्न केला, पण तिथे आकडा नव्हताच, नुसती धडधड होती.

"माझे फेरे चुकले," ती म्हणाली. "तिसऱ्याचे किती झाले मला माहीत नाही. आता पहिल्या दोघांचीही खात्री वाटत नाही."

मिस्त्रीनं मान खाजवली. मग तो म्हणाला की एक मार्ग आहे. कागदात लिहिलंय, पंखा बनवणाऱ्यांकडून स्क्रू येतो तेव्हा तळापासून चार फेरे बाहेर असतो. म्हणजे तिन्ही स्क्रू आत टेकेपर्यंत बसवायचे आणि तिथून अडीच-अडीच फेरे बाहेर काढायचे. आधी काय झालं याच्याशी मग संबंध राहत नाही. पण काम दुप्पट. आणि पाणी स्थिर राहणार ते आणखी फार तर अर्धा तास.

मास्तरीणबाई कधी आत गेल्या कोणाला कळलं नाही. त्या चहाचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी तो झाकण काढून शिंपलीसमोर धरला. चहाच्या पुडीवर एक किल्ली होती. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. ते सांगत राहिले की ती तिथे ठेवल्याचं आपण पार विसरलो होतो, देवाशपथ विसरलो होतो. शिंपलीनं ती किल्ली घेतली आणि मुठीत धरली. मग ती सासऱ्यांकडे वळली.

"मामंजी, त्या दिवशी माझा डोळा किल्लीवर नव्हता."

कुठला दिवस, ते म्हाताऱ्यानं विचारलं नाही. तो तिच्याशेजारी ओल्या दगडावर टेकला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी वर आलो तेव्हा तुझ्या हातात टॉवेल होता. जाताना तो कठड्यावर होता."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? त्याच टॉवेलनं तू माझा हात बांधलास." मग तो म्हणाला, "मला वाटलं, तू विसरली असशील. अकरा वर्षं ही तुझी उचकी ऐकतोय, तरी वाटलं. माणूस स्वतःच्या सोयीचं धरून चालतो गं."

नवरा मधे पडला. त्यानं सांगितलं की आज काम बस, ती पुन्हा उतरणार नाही. हे तो शांतपणे म्हणाला, पण त्याचा एक पाय अजून अनवाणीच होता. शिंपलीलाही तेच हवं होतं. बंदराचं पाणी समोर हिरवं, गुळगुळीत पसरलं होतं. पण तीन पाती तीन तऱ्हांनी सोडलेली ती होडी आता धक्क्यावरून हलवताही आली नसती. आणि ती तशी सोडणारी दुसरी कोणी नव्हती, तीच होती.

म्हातारा उठला. त्यानं मिस्त्रीला सांगितलं, बॅटरीची तार सोड. दोन्ही टोकं. आणि ती तार सूनबाईच्या हातात दे. मग तो होडीत उतरला, इंजिनाच्या मागची फळी उचलली, आणि जिथे पंख्याचा दांडा होडीच्या आतून मागे जातो तिथे मांडी घालून बसला. उरलेल्या दोन बोटांचा तो हात त्यानं दांड्यावर ठेवला. आतून त्याचा आवाज आला.

"दांडा हलायचा असेल तर आधी माझ्या हातात हलेल. तू खाली एक ठोकलंस की मी पुढचं पातं तुझ्याकडे फिरवीन. दोन ठोकलंस की सोडीन सगळं आणि तू वर ये. कळलं?"

त्या दांड्याजवळ हात नेताना त्याला काय वाटलं असेल ते कोणी पाहिलं नाही. तो फळ्यांच्या खाली होता. शिंपलीनं फक्त त्याचा घसा साफ केल्याचा आवाज ऐकला, दोनदा.

तिनं पट्टे पुन्हा आवळले. नवऱ्यानं नवा दोर तिच्या कमरेला बांधला आणि गाठ तीनदा ओढून पाहिली. मच्छीमार आपल्या होडीवर हात बांधून उभा राहिला, कोणाला इंजिनाला हात लावू देणार नाही अशा आविर्भावात. उचकी आली. ती उचकीसकटच उतरली.

दुसऱ्यांदा जास्त अंधार होता, मघाचा चिखल अजून बसला नव्हता. ती सगळं हातानंच करत होती. भीती जराही कमी झाली नव्हती. उलट आता ती कशाची आहे ते नेमकं माहीत असल्यामुळे जास्त टोचत होती. पण पंख्याला हात लावल्यावर तिला जाणवलं की तो अगदी स्थिर आहे; मघासारखा पाण्याबरोबर डुलत नाही. कोणीतरी पलीकडून धरलेला आहे. तिनं पहिला स्क्रू आत टेकवला. तो तळाला लागला तेव्हा चावीतून एक बारीक ठक्क तिच्या मनगटापर्यंत आला. मग तिथून बाहेर. पाव, अर्धा, पाऊण, एक. दर फेऱ्याला ती दातांनी नळी एकदा दाबायची, आकडा निसटू नये म्हणून. अडीच. तिनं सुरीच्या मुठीनं दांड्यावर एकदा ठोकलं. क्षणभर काही नाही. मग दांडा फिरला, हळू, एखादी जड फळी उघडावी तसा, आणि दोन कड्यांचं पातं तिच्या हातात येऊन थांबलं. तिला रडू आलं. मुखवट्याच्या आत रडून चालत नाही, काच धूसर होते. तिनं नाक ओढलं आणि चावी लावली.

तिसऱ्या पात्याशी असताना पाणी परतायला लागलं. भरतीचा रेटा तिला बाजूला ढकलू लागला. एकदा चावी खाचेतून निसटली आणि मनगटावरच्या दोरीला लटकली. किती झाले होते? पावणेदोन. नक्की? तिनं स्वतःवर विश्वास ठेवला नाही. स्क्रू पुन्हा तळापर्यंत आत घेतला, ठक्क ऐकला, आणि पहिल्यापासून मोजलं.

ती वर आली तेव्हा तिचे ओठ निळे होते. नवऱ्यानं विचारलं, झालं? तिनं मान हलवली. म्हातारा फळ्यांखालून निघायला वेळ लावत होता. मांडी धरली होती त्याची, असं तो म्हणाला.

बॅटरीची तार जोडली, दोन किल्ल्यांपैकी एक मास्तरांना परत दिली आणि धक्क्याला बांधलेल्या होडीवरच इंजिन चालवून पाहिलं. फेरे दाखवणारी सुई चढत गेली. एकवीसशेच्या पुढे कधी गेली नव्हती ती आता अठ्ठावीसशेला जाऊन उभी राहिली. धूर नाही. मिस्त्री दांड्यावर तळवा ठेवून बसला होता. त्यानं मान वर करून सांगितलं, थरथर नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. शिंपलीनं सोडला नाही. धक्क्याला बांधलेल्या होडीचं काय खरं, असं तिच्या मनात आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं निघाले. ती बांधाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. बंदराच्या तोंडाशी समोरून पाणी येत होतं, होडी त्यात शिरली, थोडी डगमगली आणि सरळ पुढे निघून गेली. बाहेर पडल्यावर शीड चढलं. मास्तरीणबाई मागे बसल्या होत्या. त्यांनी हात हलवला, पण भलत्याच दिशेला. तिथे एक खांब होता.

त्यानंतरचे नऊ दिवस शिंपलीला वाईट गेले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं. भांडी घासताना तिला दांड्याभोवतीचं रबर दिसायचं, त्यातून झिरपणारं पाणी दिसायचं. तिसरा स्क्रू अडीच होता का दोन? ती नवऱ्याला विचारायची, जणू तो खाली होता. तो सांगायचा, अडीच. तुम्हाला काय माहीत, ती म्हणायची. तू पुन्हा पहिल्यापासून मोजलंस हे तूच मला सांगितलंस, तो म्हणायचा. तरी भीती जात नसे. हवा बिघडली त्या दिवशी ती जेवली नाही.

दहाव्या दिवशी दुपारी माडीवर फोन आला. शिडांच्या ढिगात बसून ती नवऱ्याला कापड धरून देत होती. पलीकडे मास्तरीणबाई होत्या. वाऱ्यामुळे अर्धं ऐकू येत होतं. इंजिन शहाण्यासारखं चालतंय, त्या म्हणाल्या, एका सामुद्रधुनीत पाच तास सलग चालवलं. आत पाणी नाही, थेंबसुद्धा नाही. हे रोज सकाळी फळी उचलून हात घालून पाहतात. कडे दिसले. दुरून त्यांना ते पांढऱ्या भिंतीसारखे वाटले, मग जवळ गेल्यावर भिंत उडाली. एवढं बोलून त्या हसल्या आणि मग फोन कापला गेला.

शिंपलीनं फोन खाली ठेवला. नवऱ्यानं यंत्राच्या पायडलवरचा पाय उचलला होता. ती काहीतरी सांगायला गेली, तर तिचे दात एकमेकांवर वाजू लागले. हात, गुडघे, सगळं अंग हलायला लागलं, पाण्यात दोर कापला तेव्हासुद्धा हललं नव्हतं तसं. नवरा खड्ड्यातून वर आला. त्यानं टेबलावरचं अर्धं शिवलेलं शीड ओढून तिच्या खांद्यांवर घातलं. जाड, कडक कापड होतं, ते नीट बसेना. त्यानं ते पुढून घट्ट धरलं आणि तिचं थरथरणं थांबेपर्यंत तसाच उभा राहिला. बराच वेळ लागला.